माळ्यावरची इंग्रजी

ज्वारीच्या कणसात दूध भरायला लागलं की माझा घसा कोरडा पडतो.

पौषातली थंडी असते. आभाळ धुतल्यासारखं. शिवारभर पोपटी कणसं डोलत असतात, नुसत्या बघण्यानं पोट भरावं असं सगळं. आणि माझ्या तळव्यांना मात्र घाम. घरचे म्हणतात, वय झालं, साखर तपासून घ्या. मी तपासतो. साखर निघत नाही. निघणार कुठून, हे दुखणं हंगामाचं आहे. इतकी वर्षं झाली, तरी माझ्या अंगाला अजून असंच वाटतं की संक्रांतीची सुट्टी संपत आलीय, सोमवार उजाडतोय आणि वर्गासमोर उभं राहून इंग्रजीत बोलायचंय.

परवा बेंबळीला गेलो होतो. शेत आता पुतण्या करतो. त्यानं ज्वारीत चमकणाऱ्या पट्ट्या ताणून बांधल्यात. वारा आला की त्या फरफरतात, उन्हात लकाकतात आणि पाखरं बिचकून उठतात. पलीकडच्या रानात कुणीतरी भोंगा लावलाय, तो ठरल्या वेळी आपला आपण ओरडतो. अख्ख्या शिवारात माणसाचा आवाज नाही. मी बांधावर उभा राहून इकडंतिकडं बघत होतो, तर पुतण्या म्हणाला, "काका, काय हुडकायलाव?"

काही नाही म्हणालो. खरं म्हणजे मी माळा हुडकत होतो.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्वारीच्या रानात मधोमध चार मेढी रोवायच्या, वर आडवी लाकडं बांधायची, त्यावर कडबा अंथरायचा. उभ्या पिकाच्या डोक्यावरून नजर चौफेर गेली पाहिजे एवढी उंची. दिवस उगवायच्या आधी वर चढायचं, ऊन तापलं की उतरायचं, पुन्हा दिवस कलताना चढायचं. पाखरं राखणं म्हणतात ह्याला. हातात गोफण, पायापाशी ढेकळांचा ढीग आणि गळ्यात आवाज. ह्यात आवाज हेच खरं हत्यार. ढेकूळ एका जागी पडतं, आवाज सगळ्या रानावर पडतो. म्हणून आमच्याकडं पोराला गोफण फिरवायला शिकवायच्या आधी आरोळी द्यायला शिकवत. आवाज छातीतून नाही, बेंबीपासून आला पाहिजे, आणि शेजारच्या रानातल्या माळ्यावर पोचला पाहिजे. तिथं पोचला नाही तर तो दिलाच नाही असं धरायचं.

मी चांगला राखण्या होतो. हे मी स्वतःच सांगतो, कारण सांगणारी माणसं आता राहिली नाहीत. आणि मी आमच्या भावकीतला पहिला पदवीधर. हेही सांगतो. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं मला कुणी त्या वेळी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

धाराशिवला तेव्हा कागदोपत्री उस्मानाबाद म्हणत. आमची माय कागद वाचत नव्हती, ती धाराशिवच म्हणायची. निजाम जाऊन काही वर्षं झाली होती, आपण मुंबई राज्यात सामील झालो होतो, आणि जिल्ह्याच्या गावाला नवंनवं कॉलेज निघालं होतं. कचेरीशेजारच्या एका जुन्या दगडी इमारतीत चार खोल्या. छत उंच, खिडक्या मोठ्या, बाकं दुसऱ्या कुठून तरी आणलेली. परीक्षा औरंगाबादच्या विद्यापीठाची. पेपर तिकडून सीलबंद यायचे.

शाळा मराठीत झालेली. कॉलेजात शिरलो आणि सगळं इंग्रजीत. इतिहास इंग्रजीत, अर्थशास्त्र इंग्रजीत. बाकीच्या विषयांचे सर निदान मधूनमधून मराठीत उतरायचे, विहिरीच्या पायरीवर थांबून हात द्यावा तसे. इंग्रजीच्या सरांना ती सोय नव्हती. ते मद्रासकडचे. उंच, सावळे, पांढरा सदरा कोपरापर्यंत दुमडलेला. मराठी त्यांना येत नव्हती, हिंदी भाजी घेण्यापुरती. आमची भाकरी चावून त्यांचा जबडा दुखायचा म्हणे, म्हणून दोन्ही वेळा दहीभात. ते कधी रागावले नाहीत. त्याचंच जास्त भ्या वाटायचं. रागावणाऱ्या, छडी मारणाऱ्या मास्तरांची आम्हाला सवय होती. मार खाल्ला की प्रश्न संपतो. हे सर प्रश्न विचारायचे आणि उत्तराची वाट बघायचे.

ते वाट बघणं मी विसरलेलो नाही. वर्ग इतका शांत व्हायचा की कचेरीतल्या टाइपरायटरची टकटक आत ऐकू यायची. आम्ही सगळे बाकावरच्या रेघा बघत असायचो. कुणाला त्याच क्षणी खोकला यायचा. कुणाची दौत सांडायची. रांजणातलं पाणी प्यायला जाणाऱ्यांची तर त्या तासाला रीघ लागायची. दिवसभरात आमच्या तोंडून इंग्रजीचे दोनच शब्द जायचे, "प्रेझेंट, सर." तेसुद्धा आपला नंबर जवळ यायला लागला की आतल्या आत म्हणून बघायचो. एका पोरानं तुळजापूरच्या आईला नवस बोलला होता. पास होण्याचा नव्हता, सरांची बदली होण्याचा होता. आईनं ऐकलं नाही.

मला लिहायला यायचं बरं का. कागदावर माझी वाक्यं सरळ चालायची. कागद गप्प असतो, तो तुमच्या तोंडाकडं बघत नाही. पण सरांनी माझ्याकडं बघितलं की जीभ टाळूला चिकटायची. शब्द माहीत असायचे. सगळे उंबऱ्यापर्यंत येऊन उभे राहायचे आणि एकही बाहेर पाय टाकायचा नाही. कानशिलं तापायची. पाठीवरून घामाची धार निघायची, ती पार कमरेपर्यंत कळायची. ज्याच्या आरोळीनं रानातली पाखरं उठायची, तोच मी त्या खोलीत नाव विचारलं तरी कापायचो.

माझ्या शेजारी हबीब बसायचा. कळंबचा. तो उर्दू शाळेतून आलेला, वर्गात सगळ्यात हुशार, आणि गप्प बसण्यातही सगळ्यांच्या पुढं. त्याचं भ्या माझ्यासारखं गावंढळ नव्हतं. ते त्याच्या घरातून आलं होतं. त्याचे अब्बा निजामाच्या काळात तहसिलीत कारकून. उर्दूत त्यांचं अक्षर असं की मोठे अंमलदार हुकूम त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचे. मग राज्य बदललं, कचेरीत मराठी आली. तोच माणूस त्याच खुर्चीवर बसून कालच्या पोराला विचारायला लागला, हे अक्षर काय आहे. हबीब हे हसून सांगायचा. म्हणायचा, "अब्बांना पेन्शन नंतर मिळाली, त्यांच्या उर्दूला आधी मिळाली." पण एकदा न हसता म्हणाला होता, की बोलायला तोंड उघडलं की मला अब्बा दिसतात, बोट ठेवून एकेक अक्षर विचारणारे.

मार्गशीर्ष सरताना सरांनी वर्गात सांगितलं की संक्रांतीच्या सुट्टीनंतर प्रत्येकानं समोर येऊन इंग्रजीत बोलायचं. विषय आपापला; घरी, गावात, रानात जे डोळ्यांनी बघितलंय ते. गाइडातलं पाठ केलेलं चालणार नाही. जो बोलणार नाही, त्याला यंदा विद्यापीठाच्या परीक्षेला बसवू नये असं ते प्राचार्यांना कळवणार, आणि प्राचार्य ऐकणार होते. हे सगळं सर इंग्रजीतच बोलले. गंमत म्हणजे त्या दिवशीची इंग्रजी सगळ्या वर्गाला एका दमात कळली.

मला कॉलेजला धाडताना दादा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले होते, "एक डाव जाऊन बघ. मागं आलास तर औत हायेच." त्यांनी धाक घातला नव्हता. भावकीत मात्र पारावर बोलणी चालायची की नागोरावचं पोरगं आता लाटसाहेब होणार, ढेकळात पाय ठेवणार न्हाय. परीक्षेला बसलो नसतो तर मी मागं आलो असतो आणि पुन्हा गेलो नसतो. पुन्हा धाडायलाही धीर लागतो, आणि दादांनी तो एकदाच कसाबसा गोळा केला होता. तेव्हा त्या सोमवारी मला बोलता येणं किंवा न येणं, एवढ्यावर सगळं येऊन थांबलं होतं. हे मला कळत होतं, म्हणून तर जीभ आणखीच चिकटत होती.

सुट्टीत हबीब माझ्याबरोबर बेंबळीला आला. कारण हुरडा. आणि खरं कारण, दोघं मिळून बोलायचा सराव करू. सराव म्हणजे काय, तर आम्ही एकमेकांसमोर बसायचो, मी तोंड उघडायचो, तो हसायचा, मग तो तोंड उघडायचा, मी हसायचो. दुपार अशीच गेली. मायनं विचारलं, पोरं कशाला हसायलीत. मी म्हणालो, अभ्यास चाललाय. ती म्हणाली, असला अभ्यास असल तर म्या बी करीन.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याला माळ्यावर घेऊन गेलो.

ती पहाट मी कशी सांगू? गळ्याएवढं धुकं ज्वारीत साचलेलं, वर नुसती कणसं, जणू पाण्यावर ठेवलीत. दवानं कडबा ओला. हबीबनं माझ्या दादांची घोंगडी डोक्यावरून घेतलेली, नाक तेवढं बाहेर. पूर्वेकडं आधी राखेसारखं, मग तांब्यासारखं उजाडलं. आणि मग भोरड्या आल्या. हिवाळ्यात येणारी ही पाखरं, गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची, कुठल्या लांबच्या मुलखातून येतात देव जाणे. लांबून येताना तो एक धूर वाटतो. मग धूर वळतो, पसरतो, आखडतो, आणि वरून एकदम कोसळतो. हजारो चोची एका वेळी कणसाला लागल्या की रानातून पाऊस पडल्यासारखा आवाज येतो.

मी गोफण फिरवली. आरोळ्या दिल्या. हबीबनंही गोफण मागितली. त्याचं ढेकूळ मागं उडून आमच्याच बैलाच्या पाठीवर बसलं. बैलानं वळून बघितलं, हबीबनं त्याची माफी मागितली. भोरड्या इकडून उठायच्या, तिकडं बसायच्या. ओरडून ओरडून माझा गळा बसत आला, तेव्हा हबीब घोंगडीतून म्हणाला, "अबे, अंग्रेजी में हकाल ना इनको. अंग्रेज चले गए, ये भी चले जाते."

आणि मी ओरडलो. दुसरं काही तोंडात आलंच नाही. बेंबीपासून जोर काढून ओरडलो, "प्रेझेंट, सऽऽर!"

सगळा थवा उठला.

मी बघत राहिलो. आरोळीनं थवा उठतो, ह्यात नवल नव्हतं. तो रोजच उठायचा. नवल वेगळंच होतं. ते दोन शब्द, जे मी खोलीत मान खाली घालून, दातांच्या मागून पुटपुटायचो, ते आत्ता माझ्या तोंडातून निघून धुक्यावरून, कणसांवरून, ओढ्यापलीकडं गेले होते आणि तिकडून वळून परत आले होते. मला ते परत ऐकू आले. माझाच आवाज होता. इंग्रजी होती. आणि काही झालं नव्हतं. सूर्य होता तिथंच वर येत होता.

"और बोल," हबीब म्हणाला. आता तो हसत नव्हता.

मी म्हणालो, अवर सॉईल इज ब्लॅक. आमची माती काळी आहे. म्हणालो, म्हणजे शेजारच्या रानापर्यंत ओरडलो. मग पुढचं. हस्त नक्षत्रात आम्ही ज्वारी पेरतो. मग पाऊस थांबतो आणि ती नुसत्या दवावर वाढते. एकेक वाक्य मनात जुळवायचं आणि भोरड्या बसल्या की सोडायचं. वाक्य जुळलं नाही तर पाखरं खाऊन घेतात, म्हणून जुळवावंच लागायचं. चुकलं तर चुकलं, दुरुस्त करायला वेळ कुणाला होता? शेजारच्या माळ्यावरून हाळी आली, "काय वो, मंत्र म्हनायलाव का काय?" हबीबनं ओरडून सांगितलं, व्हय, पाखरांचा मंत्र हाय.

त्या सकाळी एक विचार मनात आला आणि अंगावर काटा उभा राहिला. तो अजून तसाच राहतो. ही केवढी थोरली भाषा. समुद्र ओलांडून आली, राज्यं केली, कायदे लिहिले. हिच्यात काय काय सांगून झालं असेल. पण आमचं हे रान, ओढ्याकाठचं, बाभळीच्या अलीकडचं, हे आजवर हिच्यात कुणी एकदाही उच्चारलं नसणार. बेंबळीची ज्वारी ह्या भाषेत आज पहिल्यांदा उगवत होती, आणि ती उगवायला मला माळ्यावर उभं केलं होतं. मी काही विद्वान नव्हतो. मी कणसं राखणारा होतो. तरी त्या क्षणी त्या भाषेला बेंबळीत मी एकटाच होतो.

ऊन वर आल्यावर खाली बघितलं, तर दादा बांधावर उभे. विळा हातात, तोंड वर. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. मला वाटलं, आता म्हणतील, काय येडेपणा लावलाय. ते म्हणाले, "काय म्हनायलास?"

"इंग्रजी हाय, दादा. ज्वारीचं सांगायलोय. सरापुढं सांगायचंय."

"समदी सांगितलीस? पेरनीपासनं?"

"व्हय."

"मग पेरनी कोन केली? सायबानं?"

हबीब घोंगडीत तोंड खुपसून हसायला लागला. मी वाक्य बदललं. माय फादर नागोराव सोज द जवार. माझे वडील नागोराव ज्वारी पेरतात. ओरडून म्हटलं. दादांना त्यात ज्वारीपलीकडं एकच शब्द कळला, स्वतःच्या नावाचा. त्यांनी तो ऐकला, मान हलवली आणि वैरण कापायला निघून गेले. त्यानंतर सुट्टीतल्या रोज सकाळी ते त्याच जागी येऊन उभे राहायचे. पेरणीचं वाक्य येईपर्यंत थांबायचे. स्वतःचं नाव डोक्यावरून उडत गेलेलं ऐकायचे आणि मग कामाला लागायचे. आमच्या घरात असल्या गोष्टी बोलायची पद्धत नव्हती.

संध्याकाळी आगटी पेटवायचो. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, पोपटी दाणे भाजले की गरम गरम हातावर चोळायची. हात पोळायचे. हबीबचे शहरी तळहात लाल व्हायचे, तरी सोडायचा नाही. हुरडा खाता खाता तो मला इंग्रजी शब्द विचारायचा, मी त्याला. चोळणं, पाखडणं, फुंकणं. काहींना शब्द सापडायचेच नाहीत. मग आम्ही नुसते खायचो.

सोमवार आला.

माझं नाव पुकारलं गेलं. मी समोर गेलो, वळलो, आणि सगळी तोंडं माझ्याकडं. तेच होऊ लागलं. कानशिलं, पाठीवरची धार, टाळूला चिकटलेली जीभ. मला वाटलं, झालं. सर खिडकीशी उभे राहून वाट बघत होते. त्यांच्या खांद्यावरून बाहेरचा मोकळा माळ दिसत होता, उन्हानं पांढरा पडलेला. मी तोंडांवरची नजर काढून त्या माळावर टाकली. लांब. जिथं दुसऱ्याचं रान असायला पाहिजे तिथं. आणि बेंबीपासून जोर काढला.

"अवर सॉईल इज ब्लॅऽऽक!"

तुम्ही हसाल. वर्गही हसला. दगडी खोली, उंच छत, आणि माळ्यावरचा आवाज. खिडकीच्या काचा थरथरल्या. पुढच्या बाकावरचा एक जण मागं सरकला. शेजारच्या वर्गात चालू असलेला इतिहास थांबला. कचेरीतला टाइपरायटर थांबला. कारकून कानावर पेन्सिल ठेवून व्हरांड्यात आले. मला हळू बोलता आलं असतं, असं आज कुणी म्हणेल. येत नव्हतं. मला इंग्रजी त्याच उंचीवर येत होती. तिथून खाली उतरलो असतो तर ती मागं राहिली असती. शेजारच्या रानात पोचली नाही तर ती बोललोच नाही, हेच मला शिकवलेलं होतं. म्हणून मी पोचवत होतो. पेरणी पोचवली. थंडी पोचवली. भोरड्या पोचवल्या. हसणं हळूहळू थांबलं. ज्या पोरांच्या घरी ज्वारी होती, आणि जवळजवळ सगळ्यांच्याच होती, ती पोरं मान वर करून बघायला लागली. हे आपलंच चाललंय, हे त्यांना कळलं.

मध्येच सर खोलीबाहेर गेले.

माझं वाक्य अडखळलं. वाटलं, सहन झालं नाही त्यांना. पण खिडकीतून ते दिसत होते. व्हरांडा उतरले, अंगण ओलांडलं, पार फाटकापाशी जाऊन उभे राहिले आणि आमच्याकडं तोंड केलं. मागं हात बांधून. मी बोलत राहिलो. आगटीपर्यंत आलो, हुरड्यापर्यंत आलो, आणि संपलं. सर सावकाश परत आले. दारात म्हणाले की फाटकापर्यंत सगळे शब्द आले, एकही वाटेत पडला नाही.

मी बाकाकडं निघालो. त्यांनी हातानं थांबवलं.

त्यांनी टेबलामागची खुर्ची उचलली, माझ्यासमोर आणून ठेवली आणि बसले. इतकं जवळ की त्यांच्या सदऱ्याला येणारा निळीचा वास मला आला. मग अगदी हळू, घरात बोलावं तसं, इंग्रजीत म्हणाले, मी ह्या भागात आलो तेव्हापासून लोक मला हुरड्याचं सांगतात. मी खाल्लेला नाही. तो चवीला कसा असतो?

मी उभा. माझ्यापाशी त्याचं वाक्य नव्हतं. आणि आता ओरडता येणार नव्हतं. हातभरावर बसलेल्या माणसाला आरोळी देत नाहीत. लांबचा माळ नाही, पाखरं नाहीत, धुकं नाही. समोर एक तोंड, आणि ते वाट बघतंय. इतके दिवस ओरडून हाकललेलं भ्या सगळ्या थव्यानिशी परत येऊन बसलं.

पण सरांच्या डोळ्यांत मी बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा नीट बघितलं. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

हे मला कसं सांगावं कळत नाही. शाळेत, कॉलेजात, इंग्रजीनं मला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिला आधीच ठाऊक असायचं. ती विचारायची ती फक्त मला पकडायला. ह्या खेपेला ती अडली होती. एवढी शिकलेली, एवढी फिरलेली, आणि ज्वारीच्या एका भाजलेल्या दाण्यापाशी येऊन थांबली होती, बेंबळीच्या पोराच्या तोंडाकडं बघत. आणि ती ज्यांच्या तोंडून विचारत होती तेही दहीभात खाणारे, दूरच्या गावचे, घरी वेगळंच काहीतरी बोलणारे. ती भाषा आम्हां दोघांपैकी कुणाचीच नव्हती. आमच्यामध्ये दुसरी वाट मात्र नव्हती.

पुढं काय झालं ते सांगून टाकतो. मी परीक्षेला बसलो, त्या वर्षी आणि पुढच्याही. पदवी घेतली, शिक्षक झालो. त्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशी हबीब बोलला, फार हळू, मागच्या बाकाला कान टवकारावे लागले इतकं. तो त्याच्या अब्बांच्या अक्षरावर बोलला. लेखणी कशी तासायची, शाई कशी कालवायची, एक हुकूम लिहायला सबंध सकाळ कशी जायची. सरांनी त्याला मोठ्यानं बोल म्हटलं नाही. तो पुढं वकील झाला आणि कळंबच्या कोर्टात भलताच हळू बोलायचा, साक्षीदारांना म्हणे त्याचंच भ्या वाटायचं. माझ्या वर्गात मी पुढं कित्येक पोरं बघितली, उंबऱ्यात शब्द घेऊन उभी राहिलेली. त्यांना मी स्वतःला उत्तर माहीत असलेला प्रश्न शक्यतो विचारला नाही. विचारून काय मिळतं?

पण मला त्या खोलीत परत जायचंय. ज्वारीत दूध भरलं की मी तिथंच असतो. सर बसलेत, पोरं गप्प आहेत, आणि माझ्या जिभेवर काहीच नाही. मी हुरडा आठवला. हातावरचा चटका, राखेचा वास, पहिला घास.

"सर," मी म्हणालो. आवाज एवढा बारीक निघाला की सर पुढं वाकले. "इट इज मिल्क, सर."

त्यांनी कान आणखी जवळ आणला.

"बट यू हॅव टू च्यू इट."

सर हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटून घेतले. आणि मग, सगळ्या वर्गादेखत, त्यांचा जबडा हळूहळू हलायला लागला. रिकाम्या तोंडानं ते चावून बघत होते.